डाव्या गालावरचा उजेड

१

आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक नऊलाच उरकावा लागे. अकराच्या सुमाराला उत्तरेच्या खिडकीतून चांगला उजेड यायचा, आणि तो काही माझ्या भाकरी होईपर्यंत ताटकळत बसणार नव्हता. चूल विझवायची, हात धुवायचे, केस पुन्हा विंचरायचे आणि पुढच्या खोलीत बाकड्यावर जाऊन बसायचं. लग्न होऊन आठ महिने झाले होते, एकही रविवार चुकला नव्हता. शेजारच्या बायका रविवारी एकमेकींच्या घरी पापड लाटायला जात, मी फोटोला बसे.

त्रेसष्ट सालची गोष्ट. आम्ही खामगावात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. माझे यजमान महादेवराव कापसाच्या एका जिनात, म्हणजे कारखान्यात, रुई पारखायचे. सरकी काढून झालेली रुई मुठीत घ्यायची, उत्तरेच्या उजेडात धरायची आणि ही पहिल्या प्रतीची, ही दुसऱ्या प्रतीची, असं सांगायचं. दिवसभर पांढरं आणि कमी पांढरं यातला फरक पाहून त्यांच्या डोळ्यांना सवयच लागली होती. घरी आलेल्या पाहुण्याचं तोंडसुद्धा ते आधी रुईसारखं पारखत आणि मग रामराम करत.

कॅमेरा त्यांनी अकोल्याच्या एका रिटायर झालेल्या साहेबाकडून जुना घेतला होता. पुढं वरखाली दोन काचा, आणि वरचं झाकण उघडून मान खाली घालून आत पाहायचं. आत सगळं उलटं दिसे, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. म्हणून हे 'डावीकडे सरक' म्हणाले की मी उजवीकडं सरके. तेवढं मला पहिल्याच महिन्यात कळलं.

बसायला एका शाळेनं मोडीत काढलेलं लांब बाकडं होतं. त्याचा डावीकडचा एक पाय आखूड. मी उजव्या टोकाला, खिडकीच्या बाजूला बसले की तो पाय जमिनीपासून बोटभर वर राही. कुणी दुसऱ्या टोकाला टेकलं की टक् करून खाली येई.

आणि समोर, कॅमेऱ्याच्या बरोबर मागच्या भिंतीवर, सोजराचा फोटो होता. सोजरा म्हणजे ह्यांची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. मोठी लाकडी चौकट, आत गोरीपान बाई, आणि खिडकीचा उजेड तिच्या उजव्या गालावरून नाकावर आणि नाकावरून डाव्या गालावर असा अलगद उतरलेला की पाहणारा दोन घटका तिथंच उभा राही. कॅमेऱ्याकडं पाहायचं म्हणजे मला तिच्याकडंच पाहावं लागे. मला तिचा मत्सर वाटत होता. गेलेल्या बाईचा मत्सर करू नये हे मला कळत होतं, पण कळून काही उपयोग होत नव्हता.

लग्नानंतर पंधरा दिवसांतच हे म्हणाले होते, "तुहा असा फोटो निघाला का तिचा उतरवतो अन् तुहा लावतो." मला दुसरं काही नको होतं. पाटल्या नकोत, लुगडं नको. मला तो खिळा पाहिजे होता.

२

पहिले आठ महिने माझा एकही फोटो धड आला नाही. खिडकीकडचा उजवा गाल बरा यायचा आणि डावा काळाठिक्कर. मी मुळात सावळी. त्यात ती सावली. ह्यांनी बल्ब लावून पाहिला. शेजारच्या मेहबूबभाईंनी डालड्याच्या डब्याचा टोप करून दिला होता, त्यात दोनशेचा बल्ब. वरून धरला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, समोरून धरला की तोंड परातीसारखं सपाट. डावीकडं रुई चिकटवलेली एक मोठी फळी उभी करून पाहिली, म्हणजे खिडकीचा उजेड तिच्यावर आपटून सावलीत परत यावा. त्या फळीची रुई उंदरांनी कुरतडली आणि फळी माळ्यावर गेली. शेवटी ह्यांनी हट्टच धरला.

"सोजराचा फोटो म्या निसत्या खिडकीवर काढला," म्हणाले. "फळी नाही, बल्ब नाही. तुहाही तसाच निघाला पायजे."

त्यांची एक वही होती. प्रत्येक फोटोचं अंतर, वेळ, बाकड्याची जागा, सगळं बारीक अक्षरात. पहिली चाळीस पानं सोजराची. जमिनीवर निळीनं केलेल्या खुणाही तिच्याच मापाच्या. बाकडं त्या खुणांवर, कॅमेरा त्याच उंचीवर, आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, "उजेड तुह्या तोंडावर बसून नाही राह्यला."

अहो, बसेल कसा? सोजरा माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती. तिचं तोंड यायचं तिथं माझे केस येत होते. हे मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "उशी घे खाली." मी उशी घेतली. त्या संध्याकाळच्या पिठल्यात मीठ जरा जास्तच पडलं.

शिकवायचे मात्र मनापासून. शेजारच्या नूरजहांभाभींच्या दोन पोरींचा त्यांनी फोटो काढला होता. थोरली गोरी, धाकटी माझ्यासारखी. तो मला दाखवून म्हणाले, "पाय, गोरी बाजूले बसली का तिच्या तोंडाचा उजेड हिच्या गालावर पडते. मानसाचं तोंडही उजेड फेकते. जेवढं जवळ तेवढा जास्त. अंतर निम्मं झालं का उजेड चौपट." मला ते पटलं आणि आवडलंही, कारण शिकवताना हे माझ्याकडं पाहत. एरवी काचेत पाहत.

दिवाळी झाली, जिनात हंगाम सुरू झाला. त्यानंतरच्या एका रविवारी काचेत पाहता पाहता हे थांबले.

"ते गळ्यातलं चमकून राह्यलं. बारीक चांदणी पडते काचेत. काढ थोडा वेळ."

"टाक?"

"हाव. फोटोपुरता."

बिजवराला दिलेल्या बाईच्या गळ्यात आमच्याकडं पहिलीचा टाक असतो. अंगठ्याच्या नखाएवढी चांदीची पुतळी, काळ्या दोऱ्यात. नवं लुगडं नेसायचं तर आधी तिला लावायचं, गोडधोड केलं तर आधी तिच्यापुढं घास धरायचा. म्हणजे सवत भिंतीवर आणि सवत छातीवर, असा माझा संसार होता.

"आत्याबाई काय म्हनतीन?" मी म्हटलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे.

"त्यायले कोन सांगते?"

मी दोरा डोक्यावरून काढला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. गळा हलका झाला. टाक कुंकवाच्या करंड्याशेजारी डब्यात टाकला, झाकण दाबून लावलं आणि परत येऊन बसले. हे मान खाली घालून काचेत पाहत होते.

"हालू नको," म्हणाले.

मी हलले नव्हते. बाकड्याचा डावा पाय टक् करून खाली आला आणि त्याच वेळी त्यांनी खटका दाबला.

३

फोटो धुवायचं काम दुपारी, स्वयंपाकघरात. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीत धोतर आणि वर लाल बल्ब. तीन थाळ्यांत तीन औषधं. कागद हलवत राहायचं काम माझं, कारण माझा हात सावकाश चालतो असं हे म्हणत.

कागदावर जे काळं असतं ते आधी उमटतं. आठ महिने मी पाहत आले होते, पहिले केस यायचे, त्यांच्यामागून माझा डावा गाल काळा व्हायचा आणि ह्यांचा सुस्कारा ऐकू यायचा. त्या दिवशी केस आले. भुवया आल्या. डावा गाल आलाच नाही. मला वाटलं कागद खराब आहे. मग हळूहळू त्या पांढऱ्यावर चेहरा भरत गेला, उजवीकडून डावीकडं, अलगद. थाळीतून एक बाई माझ्याकडं पाहत होती आणि ती चक्क देखणी होती.

"भामा," हे म्हणाले. "पाय हे. पाय!" आणि त्यांनी माझा औषधानं ओला झालेला हात धरला. दिवसाउजेडी त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नव्हतं.

मी इतकी हरखले की त्यांचा पुढचा प्रश्न मला ऐकूनही न ऐकल्यासारखा झाला.

"तू काई पांढरं ठेवलं होतं का बाजूले?"

"नाही बा."

"मंग म्याच ठेवलं असन," ते म्हणाले आणि कागद दुसऱ्या थाळीत घातला.

त्यांनी काही ठेवलं नव्हतं. मी बसले होते तिथून मला सगळी खोली दिसत होती. डावीकडची भिंत पाच हात दूर, कंदिलाच्या धुरानं काळवंडलेली. हे स्वतः पांढऱ्या सदऱ्यात होते, पण ते समोर उभे. दुसऱ्या दिवशी हे जिनात गेल्यावर मी डब्यावर डबा ठेवून माळ्यावर पाहिलं. फळी तिथंच होती, तिच्यावर उंदरांनी घर केलं होतं. मग मी ठरवलं की आकाशात पांढरा ढग आला असेल. ढगाचा उजेडही खिडकीतूनच, म्हणजे उजवीकडूनच येणार, हे मला शिकवलेलं होतं. तरी मी ढगच ठरवला.

टाक डब्यातच राहिला. 'फोटोपुरता' म्हणाले होते, पण पुढचा रविवार सहाच दिवसांवर होता.

४

महिनाभर माझ्यासारखी सुखी बाई खामगावात नव्हती. हे संध्याकाळी जिनातून येताना माझ्यासाठी गजरा आणत. रुई उडून त्यांच्या मिशांवर बसलेली असे, ती मी पदरानं पुसे. रविवारी सकाळी मी उठायच्या आत बाकडं खुणांवर लागलेलं असे. दर रविवारी एक तरी फोटो असा येई की तो हे खिशात घालून जिनात नेत आणि चार लोकांना दाखवत.

नूरजहांभाभी ओट्यावर बसून एक फोटो कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"या अल्ला! भाभी, ये तुमीच का?" म्हणाल्या. "क्या नूर आया हाय तोंडावर. पन एवढं खूश होऊन तुमी पाहून कोनाकडे राह्यल्या?"

"आणखी कोनाकडे? ह्यांच्याकडे."

"हां," त्या म्हणाल्या आणि फोटो थोडा तिरपा करून पुन्हा पाहिला. "मले वाटलं, बाजूले कोनी हाय."

खिळ्यावर अजून सोजराच होती. "अजून एखादा चांगला निघू दे," हे म्हणत. मी म्हणे, निघू द्या. मला आता घाई नव्हती.

मग पिंपळगाव राजाहून आत्याबाई आल्या. ह्यांच्या आई अंबूबाई तिथं शेतावर असायच्या, महिन्यादोन महिन्यांनी मोटारीनं यायच्या, तूरडाळीची पिशवी उतरवायच्या आणि घर नजरेखालून घालायच्या. या वेळी नजर माझ्या गळ्यावर थांबली.

"गयातला टाक कुठी हाय वं?"

"डब्यात हाय. फोटोत चमकते म्हून काढला."

"कवापासून?"

"महिना झाला."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि बाकड्याकडं पाहत उभ्या राहिल्या. बसल्या मात्र नाहीत, खाली जमिनीवर टेकल्या.

"सोजरा वाईट नव्हती," त्या म्हणाल्या. "पन तिले फोटोले बसाची लय हौस. अंगात ताप फणफणून राह्यला तरी म्हने, मले खिडकीत बसवा." मग पदरानं तोंड पुसलं. "घाल बाई टाक. घास ठेवत जाय तिच्याम्होरं."

मी घातला. घास ठेवला. आणि त्या रविवारचा फोटो आला तो जुन्यासारखा, अर्धा काळा.

ह्यांनी तो फोटो थाळीतच सोडला, हात पुसले, पुढच्या खोलीत गेले, सोजराची चौकट उतरवून मांडीवर घेतली आणि सदऱ्याच्या बाहीनं काच पुसत बसले. काच स्वच्छ होती. मी दारात उभी होते, ह्यांना माहीत होतं मी उभी आहे, आणि तरी ते पुसत राहिले. त्यांनी मला फाडकन दोन शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी आणलेली डाळ निवडता निवडता मी खड्यांबरोबर डाळही फेकली.

पुढच्या रविवारी मी टाक काढला. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काय करते आहे ते मला कळत होतं, निदान निम्मं तरी कळत होतं. डब्याचं झाकण लावताना मी मनात म्हटलंसुद्धा, ये बाई. ये, उजेड दे आणि जा.

खटक्याच्या आधी बाकडं टक् वाजलं. फोटो सुंदर आला.

५

माघात एके दिवशी हे जिनात गेल्यावर मी टाक नसलेले सगळे फोटो काढून जमिनीवर ओळीनं मांडले. नऊ होते. मला फक्त माझं कौतुक करायचं होतं. स्वतःचं तोंड इतकं पाहायची सवय लागली होती मला.

ओळीनं पाहिले तेव्हा लक्षात आलं की डावा गाल प्रत्येक फोटोत आधीच्यापेक्षा उजळ होता. मी ह्यांची रुईच्या नमुन्यांची पेटी आणली. हे कधीकधी फोटोतला उजळपणा रुईशी ताडून पाहत, तसा मी पाहिला. पहिल्या फोटोतला गाल शेवटच्या प्रतीच्या मळक्या रुईएवढा. चौथ्यातला मधल्या प्रतीचा. नवव्यातला पहिल्या प्रतीच्या जवळ पोचला होता आणि खिडकीकडचा उजवा गाल त्याच्यापुढं फिका वाटत होता.

अंतर निम्मं झालं की उजेड चौपट. मी बोटांवर मोजलं. जे काही होतं ते पहिल्या रविवारी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. चौथ्या रविवारी हातभर लांब. मागच्या रविवारी वीतभर.

मी स्वतःला समजावलं की ह्यांचा हात आता बसला असेल, औषध ताजं असेल, कागद नवा असेल. एवढा अभ्यास चालला आहे तर फोटो सुधारायचेच. हे सगळं बरोबर होतं. पण मग मी माझ्या खांद्याकडं पाहिलं.

पांढरी चादर असती, फळी असती, भिंत असती, तर खांदाही उजळला असता. दंड उजळला असता. नवव्या फोटोत माझा डावा खांदा तसाच काळा होता. दंड काळा. उजेड फक्त गालावर, कानशिलावर आणि वरून थोडा डोळ्याच्या खोबणीत. म्हणजे उजेड फेकणारी वस्तू फार मोठी नव्हती. तोंडाएवढी होती. आणि माझ्या तोंडापेक्षा चार बोटं उंच होती.

मी फोटो गोळा केले. पुढच्या खोलीत जाऊन बाकड्याच्या डाव्या बाजूला तळवा ठेवून पाहिला. दुपार होती, पण त्या खोलीत ऊन कधीच येत नसे, म्हणून तर ह्यांनी ती निवडली होती. लाकूड कोमट होतं. नूरजहांभाभींची मांजर बसली असेल, असं मी मोठ्यानं म्हटलं.

त्या संध्याकाळी मी टाक घालायचं ठरवलं. डबा उघडला, दोरा हातात घेतला. तेवढ्यात हे आले, आणि गजऱ्याच्या पुडीऐवजी त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली नवी चौकट होती. शिसवी, बारीक नक्षीची, सोजराच्या चौकटीपेक्षा दोन बोटं मोठी.

"या रविवारी निंघते पाय तुहा फोटो," हे म्हणाले. "मले आता समजलं हाय."

असं म्हणून ते बाकडं समोरच्या भिंतीशी ओढून त्यावर चढले, सोजराची चौकट खिळ्यावरून उतरवली आणि कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवून दिली. भिंतीवर तिच्या जागी एक पांढरा चौकोन राहिला. मी त्या चौकोनाकडं पाहिलं. हातातला टाक मुठीत घट्ट धरला होता, तो मी मागच्या मागं डब्यात सोडला.

६

रविवारी मी लग्नातलं हिरवं लुगडं नेसले. हे दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार होते. नूरजहांभाभी बाहेर ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. दार उघडं होतं, रस्त्यानं रुईच्या गाड्या चालल्या होत्या. सकाळचे अकरा वाजलेले. घाबरायचं म्हटलं तरी कशाला घाबरणार, असं मी स्वतःला विचारलं.

मी उजव्या टोकाला बसले. बाकडं हललं नाही. मी खाली पाहिलं. डावा पाय आधीच जमिनीवर टेकलेला होता.

समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता. वर्ष होत आलं होतं, त्या जागी बसून मी दर रविवारी सोजराकडं पाहत आले होते. आज पहिल्यांदा ती समोर नव्हती.

ह्यांनी झाकण उघडलं आणि मान खाली घातली. चकती फिरवली, पुन्हा थोडी उलट फिरवली. माझा डावा गाल ऊन लागावं तसा तापायला लागला. कानाशी केसांची एक बट आपोआप हलली आणि पुन्हा जागेवर बसली. श्वास असतो तसं काहीतरी होतं, सावकाश, मधूनच अडखळणारं.

"वा," हे काचेत पाहत म्हणाले. "वा, वा. आता कसं!" मग हातानं जवळ येण्याची खूण केली. "जरा जवळ या."

"कोन?" मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. ओठांवर हसू होतं. असं हसू मी त्यांच्या तोंडावर फक्त एकदा पाहिलं होतं, बाहीनं काच पुसताना.

"जवळ जवळ बसा," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "दोघी मावून नाही राह्यल्या."

"अवो, वर पाहा," मी म्हटलं. "इकडं पाहा एकदा. माह्याकडं पाहा."

"हालू नका ना वं. दोघीही हालू नका. लय सुंदर दिसून राह्यलं."

मला उठता आलं असतं. दार तीन पावलांवर होतं, बाहेर नूरजहांभाभी होत्या. पाय उठायला तयारही झाले होते. पण मी उठले असते तर त्या काचेत ती एकटी राहिली असती. अकराचा चांगला उजेड, ह्यांची मऊ नजर, नवी चौकट आणि ती. ह्यांनी खटका दाबला असता, आणि मी दारात उभी राहून ते पाहिलं असतं, चौकट मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा पाहिलं तसंच. ते मला सहन झालं नसतं. भीती सहन होत होती.

मी डावीकडं सरकले. वीतभर सरकायचं होतं, तेवढं सरकावंही लागलं नाही. माझ्या कानशिलाला कुणाचं तरी गालफड लागलं. मऊ होतं, आणि तापातल्या माणसाचं असतं तसं कढत. मी नुसती मान वळवली असती तर मला सगळं दिसलं असतं. पण मान वळवली असती तर फोटोत माझं तोंड एका बाजूला आलं असतं आणि तिचं समोर.

ह्यांचा अंगठा खटक्यावर गेला. हिच्यापेक्षा मी बरी दिसले पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. मी हनुवटी थोडी वर केली आणि हसले.